कोरड्या देशातल्या नद्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळवंटी आणि अर्धवाळवंटी मुलखातल्या नद्यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे दिलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "कोरडा देश" नक्की कशाला म्हणायचं? पाऊस किती कमी पडला पाहिजे?

ढोबळ मानाने, वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर तो प्रदेश शुष्क धरतात. पण नुसत्या पावसावरून ठरवलं तर फसगत होते. थंड प्रदेशात तेवढ्याच पावसात जमीन ओली राहते, तर उन्हाळी प्रदेशात दुप्पट पाऊसही पुरत नाही. म्हणून पाऊस किती पडतो आणि ऊन-वारा किती पाणी उडवून नेऊ शकतो, यांचं प्रमाण बघतात. त्या हिशेबाने पृथ्वीवरची सुमारे ४१ टक्के जमीन कोरड्या प्रदेशात मोडते. त्यात सहारा येतं, तशी बरीच शेतजमीनही येते.

२. पाऊसच पडत नाही, तर नदीला पाणी येतं कुठून?

दुसरीकडून. मोठ्या वाळवंटी नद्यांचं माहेर वाळवंटात नसतंच. त्या पावसाच्या किंवा बर्फाच्या डोंगरात जन्मतात आणि पुढे कोरड्या मुलखातून नुसत्या वाहत जातात.

नाईलचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. कैरोत वर्षाला जेमतेम एक इंच पाऊस पडतो आणि आस्वानला तर जवळजवळ नाहीच. तरी आस्वानपाशी नदीचा सरासरी वार्षिक प्रवाह ८४ अब्ज घनमीटर धरला जातो, म्हणजे आपल्या मापात सुमारे २,९७० टीएमसी. यातलं साधारण ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या उंच पठारावरून येतं: निळी नाईल, सोबात आणि अटबरा या नद्यांमधून. राहिलेलं विषुववृत्ताजवळच्या सरोवरांच्या प्रदेशातून. सुदानमध्ये अटबरा येऊन मिळाली की तिथून भूमध्य समुद्रापर्यंत अडीच हजार किलोमीटरहून जास्त अंतरात नाईलला एकही बारमाही उपनदी मिळत नाही. इजिप्तची सुमारे ९५ टक्के माणसं त्या एका प्रवाहाच्या काठावर आणि मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात राहतात.

सिंधू, अमूदर्या, तैग्रिस-युफ्रेटिस, कोलोरॅडो यांचीही गोष्ट कमीअधिक अशीच. त्यामुळे खालच्या देशात दुष्काळ आहे की सुकाळ, हे तिथल्या आभाळाकडे बघून सांगता येत नाही. हजार मैलांवरच्या डोंगरात काय पडलं ते विचारावं लागतं. यातूनच भांडणं निघतात, ती प्रश्न १४ मध्ये.

३. वर्षातून दोनदा वाहते तिला नदी म्हणायचं का?

म्हणायचं. बारमाही, हंगामी आणि फक्त पाऊस पडून गेल्यावर काही तास-दिवस वाहणारी, अशा तिन्ही प्रकारच्या नद्या असतात. कोरड्या देशात तिसरा प्रकारच जास्त दिसतो. अरबी मुलखातली "वादी" ती हीच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात असं दिसलं, की जगातल्या नद्यांच्या एकूण लांबीपैकी निम्म्याहून जास्त भागात वर्षातून निदान एक दिवस तरी प्रवाह थांबतो. म्हणजे सतत वाहणारी नदी हाच खरं तर अपवाद.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गावात टॉड नदीच्या कोरड्या पात्रात दरवर्षी होड्यांची शर्यत भरते. होड्यांना तळ नसतो. स्पर्धक आत उभे राहून होडी उचलतात आणि वाळूतून पळत सुटतात. १९९३ साली ही शर्यत रद्द करावी लागली, कारण नदीला पाणी आलं होतं.

४. पात्र ठणठणीत कोरडं असताना वाळू उकरली की पाणी कसं लागतं?

कारण नदी वर थांबली तरी खाली थांबलेली नसते. पूर ओसरताना बरंच पाणी पात्रातल्या वाळूत मुरतं. जाड्या वाळूत दाण्यांमधल्या फटी एकूण आकारमानाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत असतात, आणि त्यातलं बरंचसं पाणी काढताही येतं. वरचा थर उन्हाने तापून सुकतो, पण जाड वाळूतून पाणी वर चढत नाही. त्यामुळे दोन-तीन फुटांखालचं पाणी उडून जाणं जवळपास थांबतं. उघड्या तळ्यातून उन्हाळाभरात जेवढं पाणी वाफ होऊन जातं, त्याच्या मानाने हे नुकसान किरकोळ आहे.

झिरा खणणाऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. जागा कुठली निवडायची तेही ठरलेलं: पात्राच्या वळणावर, बाहेरच्या काठालगत, किंवा जिथे खडकाची आडवी पट्टी वाळूखालून जाते तिच्या वरच्या अंगाला. वाळू ओलसर लागली की हात थांबवायचा, कडा ढासळू द्यायच्या नाहीत आणि गढूळ पाणी दोन-तीनदा उपसून टाकायचं. मग येणारं पाणी वाळूतून गाळून आलेलं असतं आणि बरंच नितळ दिसतं. तरी पात्रात गुरं बसत असतील तर ते उकळूनच प्यावं. नामिबियाच्या वायव्येकडच्या कोरड्या नद्यांमध्ये हत्तीही सोंड आणि पायांनी असेच खड्डे करतात, आणि हत्ती गेले की इतर जनावरं त्यावर तहान भागवतात.

केनियाच्या मचाकोस आणि किटुई भागात लोकांनी याच गोष्टीवर बंधारे बांधले आहेत. पात्रात खडकापर्यंत पाया नेऊन आडवी भिंत घालतात. दरवर्षीच्या पुरात तिच्यामागे वाळू साठत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं बंधारा गाळाने भरून वाया गेला, पण तो भरावा म्हणूनच बांधलेला असतो. पाणी वाळूच्या पोटात राहतं, ऊन लागत नाही, डासही होत नाहीत. एकच अट आहे. येणारी वाळू जाड हवी. बारीक चिकण गाळाच्या ओढ्यावर हा बंधारा घातला तर पैसे पाण्यात.

५. मग पात्रातली वाळू काढली तर पाणी कमी होतं का?

होतं. प्रश्न ४ वाचला असेल तर कारण वेगळं सांगायला नको. वाळू हीच टाकी आहे. ती बांधकामासाठी उचलून नेली की पुराचं पाणी साठायला जागा राहत नाही, काठच्या विहिरींची पातळी खाली जाते आणि काठ कोसळायला लागतात.

६. नदी पुढे जाईल तशी मोठी होते असं शाळेत शिकलो. इथे उलट का?

शाळेत शिकलेलं ओल्या प्रदेशाला लागू आहे. तिथे जमिनीतलं पाणी नदीकडे झिरपतं. कोरड्या प्रदेशात भूजलाची पातळी बहुतेक वेळा पात्राच्या तळापेक्षा खूप खाली असते, त्यामुळे पाणी नदीतून जमिनीकडे जातं. वरून ऊन आहेच. वाटेत पाणथळ आली तर विचारायलाच नको: दक्षिण सुदानमधल्या सुद्द या अफाट दलदलीत पांढऱ्या नाईलचं जवळजवळ निम्मं पाणी पसरून उडून जातं.

याला "गळती" म्हणून नावं ठेवायची सवय सोडलेली बरी. सुद्दच्या कडेचं गवत आणि मासे त्याच पाण्यावर आहेत, तिथली गुरं कोरड्या दिवसांत त्याच गवतावर जगतात. काठच्या विहिरींना पाणी येतं तेही नदीने जमिनीला दिलेलं असतं. म्हणून नदीवर वरच्या बाजूला धरण झालं की खालच्या गावातल्या विहिरी काही वर्षांनी आटतात, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

७. सगळ्या नद्या समुद्राला मिळतात ना? मग काही वाळवंटात संपतात त्या कशा?

कोरड्या प्रदेशात समुद्राला न पोहोचणाऱ्या नद्या भरपूर आहेत. कुणी तलावात संपतं, कुणी खाऱ्या मैदानात, कुणी नुसतं वाळूत.

ओकावांगो अंगोलाच्या डोंगरात उगम पावते आणि बोत्सवानात कलहारीच्या वाळूवर पंख्यासारखी पसरून संपते. गंमत तिच्या वेळापत्रकात आहे. अंगोलात पाऊस जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला जोर धरतो, पण जमीन इतकी सपाट आहे की पुराला उतरायला महिने लागतात. खालच्या टोकाच्या माउन गावाजवळ पाणी येतं ते जून ते ऑगस्टच्या दरम्यान, म्हणजे तिथला कोरडा हंगाम ऐन भरात असताना. आजूबाजूचं सगळं वाळून गेलेलं असताना इथे हिरवळ असते, म्हणून लांबलांबची जनावरं इकडे ओढली जातात. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत हा प्रदेश आला. यादीतलं ते हजारावं ठिकाण.

हेलमंद नदी अफगाणिस्तानातून येऊन इराणच्या सीमेवरच्या हामून तलावांत संपते. जॉर्डन मृत समुद्रात. तिचं पाणी वरच्या वर वळवलं गेल्याने मृत समुद्राची पातळी वर्षाला सुमारे एक मीटरने उतरते आहे. राजस्थानातली लुणी अजमेरजवळच्या अरवलीत निघते, बालोतऱ्यापर्यंत गोडी असते, पुढे खारी होते आणि कच्छच्या रणात विरून जाते. शेवटी पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. त्या मिठाचा शेतीशी असलेला संबंध प्रश्न १२ मध्ये आहे.

८. पिण्याचं पाणी आणि शेती सोडली तर वाळवंटात नदीचा उपयोग काय?

नामिबियातली कुइसेब नदी बघा. वर्षातले बहुतेक दिवस कोरडी, समुद्रापर्यंत तर क्वचितच पोहोचते. पण नकाशावर तिच्या दक्षिणेला नामिबचा वाळूचा समुद्र आहे आणि उत्तरेला खडकाळ सपाट मैदान. दोन्हींमधली सीमा म्हणजे ही नदी. दक्षिणेचा वारा टेकड्यांची वाळू पात्रात ढकलत राहतो आणि अधूनमधून येणारा पूर ती वाहून नेतो. पूर येणं कायमचं थांबलं तर टेकड्या नदी ओलांडतील.

तिच्याच काठाने वाळवंटातून झाडांची हिरवी रांग जाते. त्यात अ‍ॅना नावाची एक बाभळीच्या कुळातली झाडं आहेत. ती पावसाळ्यात पानं टाकतात आणि कोरड्या दिवसांत हिरवी होतात, कारण मुळं खालच्या पाण्याला लागलेली. ऐन टंचाईत शेंगा गळतात आणि गुराढोरांपासून हत्तींपर्यंत सगळे त्या खातात. काठचे तोप्नार लोक वाळूत वाढणाऱ्या नारा या काटेरी वेलीची फळं गोळा करतात. तिची मुळंही अशीच खोल. आणि वॉल्विस बे हे बंदराचं शहर याच नदीच्या वाळूखालचं पाणी उपसून वाढलं.

सावली, चारा, लाकूड, वाट, वाऱ्याला आडोसा. हे कुठल्याच सिंचनाच्या आकडेवारीत धरलं जात नाही, आणि धरण बांधताना खर्चाच्या बाजूलाही मांडलं जात नाही.

९. ज्या देशात एकही नदी नाही ते कसे जगतात?

सौदी अरेबिया आणि लिबिया या दोन मोठ्या देशांत एकही बारमाही नदी नाही. लिबियाने सहाराखालचं हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं पाणी प्रचंड पाइपलाइनींनी किनाऱ्याकडे आणलं. सौदीने १९८०च्या दशकात अशाच जुन्या भूजलावर गहू पिकवला आणि काही काळ निर्यातही केला. पण ते पाणी पावसाने पुन्हा भरून येणारं नव्हतं. शेवटी २०१६ साली सरकारने देशी गव्हाची खरेदी थांबवली. शहरांसाठी समुद्राचं पाणी गोडं करतात, धान्य बाहेरून विकत घेतात. पैसा असला तर नदीवाचून राहता येतं, असा याचा अर्थ. ज्यांच्याकडे तेल नाही त्यांनी हा कित्ता गिरवायचा म्हटला तर कठीण आहे.

ओमानात वेगळी परंपरा आहे. डोंगराच्या पायथ्याचं किंवा वादीखालचं पाणी हलक्या उताराच्या पाटांनी गावात आणायचं आणि वेळेच्या हिश्श्यांनी वाटायचं. या पाटांना "फलज" म्हणतात आणि त्यातले काही आजही वाहते आहेत.

१०. समुद्राचं पाणी गोडं करता येत असेल तर नदीसाठी एवढं भांडायचं कशाला?

पिण्यासाठी ते चालतं. आधुनिक प्रकल्पात एक हजार लिटर पाणी गोडं करायला साधारण तीन-चार युनिट वीज लागते, आणि एका घराला तेवढं पाणी बरेच दिवस पुरतं. पण एक किलो गहू पिकायला हजार लिटर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं. म्हणजे किलोमागे तीन-चार युनिट नुसत्या पाण्याचे, शिवाय ते समुद्रसपाटीवरून शेतापर्यंत चढवायचा खर्च. नदी हेच पाणी उंचावरून, फुकट, शेताच्या दारात आणून देते. भाजीपाला-फळांना कदाचित परवडेल, धान्याला नाही.

११. वाळवंटात लोक पुरात बुडून मरतात, हे खरं आहे का?

खरं आहे. १०-११ सप्टेंबर २०२३ च्या रात्री लिबियातल्या देर्ना शहरात हजारो माणसं गेली. वादळाचा पाऊस डोंगरात पडला, वादी देर्नावरची दोन्ही धरणं फुटली आणि एरवी कोरड्या असणाऱ्या पात्रातून आलेल्या लोंढ्याने शहराचा मधला भाग समुद्रात नेला.

कोरड्या जमिनीत झाडोरा विरळ असतो आणि वरचा थर तापून, दबून कडक झालेला असतो. जोराचा पाऊस मुरत नाही, सरळ पळतो. पाऊस तीस-चाळीस किलोमीटर लांब पडलेला असू शकतो, तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असतं आणि पाणी येतं ते फेस, काटक्या, चिखल पुढे ढकलत, भिंतीसारखं.

व्यवहारातले आकडे लक्षात ठेवा. वेगाने वाहणारं सहा इंच पाणी धडधाकट माणसाला पाडतं, एक फूट पाणी छोटी गाडी तरंगवतं आणि दोन फूट पाण्यात बहुतेक मोठ्या गाड्याही वाहून जातात. कोरड्या पात्रात तंबू ठोकू नये, रात्री तर नाहीच. सपाट वाळू आणि वाऱ्याला आडोसा यांचा मोह होतो, हे कबूल.

१२. नदीचं पाणी तर गोडं असतं. मग कालव्याखालची जमीन खारवते कशी?

गोड्या पाण्यातही थोडं मीठ असतंच. लिटरला अर्धा ग्रॅम मीठ असलेलं पाणी जिभेला गोडंच लागतं. ते एका हेक्टरला वर्षभरात मीटरभर उंचीचं दिलं, तर झालं दहा हजार घनमीटर. हिशेब करा: पाच टन मीठ. पाणी पीक पिऊन टाकतं किंवा उडून जातं, मीठ शेतातच राहतं. ओल्या प्रदेशात पाऊस ते धुऊन नेतो, इथे धुणारं कुणी नाही.

दुसरं म्हणजे सढळ हाताने पाणी दिल्यावर खालची पातळी वर येते. ती मुळांच्या जवळ आली की माती खालचं खारं पाणी वर ओढून घेते, जमीन चिबड होते आणि पृष्ठभागावर पांढरी खपली धरते. दक्षिण इराकच्या प्राचीन शेतीला ही कीड लागली होती, सिंधच्या कालव्यांखाली आजही आहे. उपाय म्हणजे चर खणून निचरा करणं. पण कालव्याच्या उद्घाटनाला जशी गर्दी जमते तशी निचऱ्याच्या चराला जमत नाही, म्हणून तो नेहमी "पुढच्या टप्प्यात" असतो.

१३. एक मोठं धरण बांधलं की सगळे प्रश्न सुटत नाहीत का?

काही नक्की सुटतात. १९७० साली पूर्ण झालेल्या आस्वानच्या उंच धरणामुळे १९८०च्या दशकातल्या अवर्षणात इजिप्त तगला, तेव्हा वरच्या इथिओपियात माणसं उपासमारीने मरत होती. एका वर्षाचं पाणी दुसऱ्या वर्षाला ठेवणं ही कोरड्या देशात फार मोठी गोष्ट आहे. तिला कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण किंमत मोजावी लागते. आस्वानमागच्या नासर सरोवरातून दरवर्षी दहा अब्ज घनमीटरच्या आसपास पाणी नुसतं वाफ होऊन जातं. म्हणजे सुमारे ३५० टीएमसी. इतक्या तापलेल्या जागी एवढं मोठं उघडं पाणी ठेवल्यावर दुसरं काय होणार? पूर्वी पुराबरोबर शेतात येणारा गाळ आता धरणात बसतो, त्यामुळे रासायनिक खत घ्यावं लागतं. त्रिभुज प्रदेशाला नवी माती मिळत नाही, म्हणून रोझेटाजवळचा किनारा समुद्र खातो आहे. धरणानंतर मुखाजवळची सार्डिन मासेमारीही कोसळली होती.

कोरड्या प्रदेशात धरणाची जागा निवडताना खोल आणि अरुंद दरी, शक्यतो उंच आणि थंड भागात, ही पहिली कसोटी असावी. राजकीय सीमा ते क्वचितच जुळू देतात.

१४. वरच्या देशाने नदी अडवली तर खालच्या देशाला काही हक्क आहे का?

आहे, पण तो बजावून घेणारं न्यायालय दारात उभं नाही. आंतरराष्ट्रीय नद्यांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९९७ साली मंजूर झाला आणि २०१४ साली अमलात आला. त्याची दोन मुख्य सूत्रं: वाजवी आणि न्याय्य वापर, आणि दुसऱ्याला मोठी इजा न करणं. वरचा देश पहिल्या सूत्रावर बोट ठेवतो, खालचा दुसऱ्यावर. मतदानात विरोध करणारे तीन देश होते: तुर्कस्तान, चीन आणि बुरुंडी. तिघेही मोठ्या नद्यांच्या उगमाकडचे, हा योगायोग नाही.

नाईलवर १९५९ साली इजिप्त आणि सुदानने पाणी वाटून घेतलं: इजिप्तला ५५.५ अब्ज घनमीटर, सुदानला १८.५, राहिलेलं बाष्पीभवनाला. जिथून बहुतेक पाणी येतं त्या इथिओपियाला त्यात जागाच नव्हती. इथिओपियाने २०११ साली निळ्या नाईलवर मोठं जलविद्युत धरण बांधायला घेतलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. वीज काढून पाणी पुढे सोडलंच जातं, त्यामुळे साधारण वर्षी इजिप्तचं मोठं नुकसान होऊ नये. खरा प्रश्न लागोपाठ चार-पाच वर्षं पाऊस कमी पडला तर कोण किती सोडणार, हा आहे, आणि त्यावरचा बंधनकारक करार अजून नाही.

सिंधू करार १९६० चा. तो १९६५ आणि १९७१ ची युद्धं ओलांडून टिकला, पण एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं.

१५. करारात आकडे स्पष्ट लिहिले असतील तर पुन्हा वाद का होतात?

आकडे चुकीच्या वर्षांवरून घेतलेले असतात म्हणून. कोलोरॅडो नदीचं पाणी १९२२ साली अमेरिकेतल्या सात राज्यांच्या दोन गटांत वाटलं गेलं. ज्या वर्षांची मोजमापं समोर होती ती नेमकी भरपूर पाण्याची होती. नंतर मेक्सिकोचाही वाटा ठरला. एकूण देणं नदीच्या सरासरी उत्पन्नापेक्षा जास्त झालं आणि २००० नंतर तर नदी आणखी आटली.

ठरावीक घनमीटरांऐवजी त्या वर्षीच्या प्रवाहातला हिस्सा ठरवला तर तुटवडाही वाटला जातो. १९७३ चा अफगाणिस्तान-इराण हेलमंद करार मधला मार्ग घेतो: सामान्य वर्षात इराणला सेकंदाला सरासरी २६ घनमीटर, आणि कमी पाण्याच्या वर्षी त्या प्रमाणात घट. कागदावर कलम चांगलं आहे. पण वर्ष "सामान्य" होतं की नाही हे वरच्या बाजूच्या मोजमापावर ठरतं, म्हणून वाद तिथे जाऊन बसतो.

१६. समुद्राला जाणारं पाणी वाया जातं. ते पूर्ण अडवायला काय हरकत आहे?

अरल समुद्राचं काय झालं ते आधी पाहू. १९६० च्या सुमाराला तो क्षेत्रफळाने जगातला चौथा मोठा तलाव होता. अमूदर्या आणि सिरदर्या या त्याच्या दोन नद्या सोव्हिएत काळात कापसाकडे वळवल्या गेल्या, आणि काही दशकांत तलावाचा जवळजवळ नऊ दशांश भाग गेला. मोयनाक हे एकेकाळचं बंदर आज पाण्यापासून दूर वाळूत उभं आहे. उघड्या पडलेल्या तळातून वारा मीठ आणि शेतीतली औषधं उचलून आजूबाजूच्या गावांवर टाकतो. कापूस पिकला, हेही खरं.

मुखाशी जाणारं पाणी तीन कामं करतं: मीठ बाहेर नेतं, समुद्राचं खारं पाणी मागे रेटतं आणि मासे, खारफुटी, किनारा यांना पोसतं. ऑस्ट्रेलियात मरी नदीचं मुख वाळूने बंद होऊ नये म्हणून २००२ पासून कित्येक वर्षं ड्रेजर लावावे लागले. नदी फुकट करत होती ते काम पैसे देऊन करून घ्यायचं.

१७. सगळ्यांनी ठिबक लावलं तर नदीत पाणी वाढेल ना?

दरवेळी नाही, आणि हे ऐकून अनेकांना राग येतो. पाटाने पाणी दिल्यावर जे "वाया" जातं त्यातलं बरंच झिरपून पुन्हा विहिरीत किंवा खालच्या बाजूला नदीत येतं. ठिबकमुळे ते परतीचं पाणी थांबतं. शेतकरी वाचलेल्या पाण्यावर आणखी चार एकर भिजवतो किंवा जास्त पाण्याचं पीक घेतो. त्यात त्याचं चुकतं असंही नाही. शेताचा हिशेब सुधारतो, नदीचा बिघडतो. ठिबकबरोबर उचलायच्या पाण्यावर किंवा भिजवायच्या क्षेत्रावर मर्यादा असेल तरच नदीला काही मिळतं. एक अपवाद: परतीचं पाणी खाऱ्या भूजलात किंवा समुद्रात जात असेल, तर ठिबकची बचत खरी बचत असते.

१८. आटलेली नदी परत आणता येते का?

काही वेळा, आणि अपेक्षेपेक्षा लवकर. २०१४ च्या वसंतात अमेरिका आणि मेक्सिकोने ठरवून कोलोरॅडोच्या कोरड्या शेवटच्या टप्प्यात सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी सोडलं. त्यातलं बरंच वाळूने प्यायलं, तरी मे महिन्यात नदी समुद्रापर्यंत पोहोचली आणि काठी नवी रोपं उगवली. उत्तर अरलवर २००५ साली कोकअरल बंधारा झाला, तिथे पाणी चढलं, खारेपणा घटला आणि मासे परतले. दक्षिण इराकमधल्या दलदली १९९०च्या दशकात मुद्दाम सुकवल्या होत्या. २००३ साली स्थानिक लोकांनीच बांध फोडून पाणी आत घेतलं आणि वेत पुन्हा उभा राहिला. वर धरणं आहेतच, त्यामुळे तिथलं पाणी आजही वर्षावर्षाला कमीजास्त होतं.

वाळूची टाकी शाबूत असेल (प्रश्न ५) आणि पाणी दरवर्षी सोडलं जात असेल, तर आशा असते. एकदाच पाणी सोडून फोटो काढले तर रोपं पुढच्या उन्हाळ्यात वाळतात.

१९. डोंगरावरचं बर्फ वितळतंय म्हणजे नद्यांना उलट जास्त पाणी येईल. मग काळजी कसली?

काही वर्षं खरंच जास्त येतं, आणि धोका तिथेच आहे. हिमनदी ही मुदत ठेव आहे. व्याजाबरोबर मुद्दलही मोडायला घेतलं की हातात पैसा वाढलेला दिसतो. सिंधू आणि अमूदर्यासारख्या नद्यांना उन्हाळ्यात, पिकांना सगळ्यात गरज असते तेव्हा, बर्फाचं पाणी मिळतं. वितळण्याचं शिखर गाठलं गेलं की उन्हाळी प्रवाह उतरायला लागतो. या चढत्या वर्षांच्या भरवशावर नवे कालवे मंजूर केले तर १९२२ ची कोलोरॅडोची गोष्ट (प्रश्न १५) पुन्हा घडेल.

२०. आमच्याकडची नदी वीस वर्षांत वाहिलेली नाही. पात्रात भराव टाकून बांधकाम करायला काय हरकत?

वीस वर्षं हा कोरड्या नदीसाठी फार मोठा काळ नाही. पात्राची रुंदी रोजच्या प्रवाहाने ठरत नाही, ती क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराने कोरलेली असते. म्हणून पात्र विनाकारण रुंद वाटतं. भराव टाकून ते अरुंद केलं तर तोच पूर उंच आणि वेगवान होतो, आणि तुमच्यापेक्षा समोरच्या काठाला आधी गाठतो. जागा घेण्याआधी दोन गोष्टी करा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, की पाणी कुठवर आलेलं पाहिलं. आणि काठाच्या उभ्या कापात बघा: माणसाच्या डोक्याच्या उंचीवर गोल गोट्यांचा थर दिसला, तर ते गोटे पाण्यानेच तिथे आणून टाकलेले आहेत.